टायनीएसए अल्ट्रा : रुंद चॅनलमधला अरुंद काटा शोधणारं यंत्र

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, निपाणी, चिक्कोडीच्या बाजूला वायरलेस लिंकवर गावोगावी नेट पोचवलं जातं. या लिंकची एक तक्रार अगदी ठरलेली आहे. रेडिओच्या, म्हणजे लिंकच्या वायरलेस यंत्राच्या, पानावर सिग्नल उणे ५७ डीबीएम (ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल मोठा) दिसतो, अलाइनमेंट बरोबर असते, मध्ये झाड आलेलं नसतं, ऊसही डोक्यावर गेलेला नसतो. तरी रेट ५४ एमबीपीएसवरून घसरून १२ वर येऊन बसतो. बहुतेक जण अशा वेळी डिश हलवतात, रेडिओ बदलतात, पॉवर वाढवतात. पण सिग्नल कमी पडलेलाच नसतो. २० मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनलमध्ये कुणाचा तरी अरुंद, अखंड चालू असलेला कॅरियर (एकाच फ्रिक्वेन्सीवरची लहर) काट्यासारखा घुसलेला असतो. रेडिओ पूर्ण चॅनलची एकच बेरीज सांगतो, त्यामुळे हा काटा त्याच्या पानावर कधी दिसत नाही.

टायनीएसए अल्ट्रा हा हातात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद आहे ते दाखवणारं यंत्र) या एका कामासाठी किती उपयोगी आहे, ते इथं पाहू. निकाल आधीच सांगतो: लिंक बसवणाऱ्याने घ्यावा. पण त्याच्या पडद्यावर दिसतं ते सगळं खरं नसतं, आणि खरं असतं तेही चुकीचं वाचलं जातं. खालचा बराचसा मजकूर त्याबद्दल आहे.

नेदरलँड्सच्या एरिक काशहूक यांनी मूळ टायनीएसए तयार केला, तो २०२० मध्ये बाजारात आला. तो लहान, २.८ इंची पडद्याचा. त्याची मजल ९६० मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे वाय-फायच्या कामाला तो नाही. 'स्वस्त आहे' म्हणून तो घेऊन २.४ गिगाहर्ट्झ शोधत बसू नका. अल्ट्राचा पडदा ४ इंची, एका स्वीपमध्ये (पट्ट्यावरच्या एका फेरीत) ४५० बिंदू, आत सुमारे २० डीबीचा एलएनए (कमकुवत सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर), आणि आरबीडब्ल्यू (यंत्र एका वेळी जेवढ्या फटीतून बघतं तिची रुंदी) २०० हर्ट्झपासून ८५० किलोहर्ट्झपर्यंत. १०० किलोहर्ट्झ ते ८०० मेगाहर्ट्झ हा त्याचा साधा पट्टा. त्याच्या वर जायचं तर कॉन्फिगमध्ये जाऊन अल्ट्रा मोड चालू करावा लागतो आणि ४३२१ हा कोड द्यावा लागतो. पातळीचे आकडे ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत धरून चालावेत. ५.८ च्या लिंक ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये चालतात, त्या या मर्यादेबाहेर पडतात. ज्यांचं सगळं काम ५.८ वर आहे त्यांनी अल्ट्रा प्लसचं ७.३ गिगाहर्ट्झवालं मॉडेल पाहावं. अल्ट्रा प्लसचंच ५.४ वालं मॉडेलही असतं. दोन्हींची नावं जवळपास सारखी, म्हणून घेताना खोक्यावरचा मॉडेल नंबर वाचा.

यंत्र हातात आल्यावर पहिलं काम सेल्फ टेस्ट. सोबत आलेली छोटी केबल कॅल आणि आरएफ या दोन कनेक्टरांत जोडायची, कॉन्फिगमधून सेल्फ टेस्ट चालवायची आणि मग लेव्हल कॅलिब्रेशन करायचं. बाजारात नकला पुष्कळ आहेत. सेल्फ टेस्ट नापास झाली तर यंत्र लगेच परत करा. आतलं फिल्टर किंवा स्विच निकृष्ट असेल तर पुढचं एकही माप विश्वासाचं राहत नाही.

पडद्यावरचा आकडा कसा वाचायचा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. समजा स्टार्ट २४००, स्टॉप २४८४ मेगाहर्ट्झ ठेवलं, आरबीडब्ल्यू १०० किलोहर्ट्झ घेतला. पडद्यावर आपल्या लिंकचं पठार उणे ८० वर दिसतंय आणि त्यातून एक काटा उणे ६५ पर्यंत वर आलाय. पाहणारा म्हणतो, हा काटा आपल्यापेक्षा १५ डीबीने मोठा आहे, लिंक चालतेच कशी?

ॲनालायझर एका वेळी फक्त १०० किलोहर्ट्झच्या फटीतून बघतो. काट्याची सगळी ताकद त्या एका फटीत मावते, म्हणून उणे ६५ हा त्याचा पूर्ण आकडा. लिंकची ताकद मात्र २० मेगाहर्ट्झवर पसरलेली आहे, म्हणजे अशा २०० फटींत. २०० पट म्हणजे २३ डीबी. उणे ८० मध्ये २३ मिळवले की उणे ५७ येतात, आणि रेडिओचं पानही तेवढंच दाखवतं. म्हणजे काटा एकूण सिग्नलपेक्षा ८ डीबीने लहानच आहे.

हाच नियम उलटा वापरला की काटा पकडता येतो. आरबीडब्ल्यू ३०० वरून ३० किलोहर्ट्झवर आणला की नॉइज आणि लिंकचं पठार दोन्ही १० डीबीने खाली जातात, काटा जागच्या जागी राहतो. आरबीडब्ल्यू बदलल्यावर जे हलत नाही ते अरुंद. जे खाली बसतं ते रुंद. नॉइजमध्ये बुडालेला कॅरियर याच युक्तीने वर येतो. फक्त ८४ मेगाहर्ट्झचा पूर्ण पट्टा १० किलोहर्ट्झने पाहायला गेलात तर ८,४०० पावलं होतात आणि स्वीप कंटाळा येईल इतका लांबतो. म्हणून आधी जाड आरबीडब्ल्यूने संशयाची जागा हेरायची, मग स्पॅन (पडद्यावर दिसणारा पट्टा) ५ मेगाहर्ट्झवर आणून बारीक करायचा.

मिन होल्ड

या यंत्रातली आमच्या मते सगळ्यात मोलाची सोय मिन होल्ड आहे, आणि ती वापरणारे कमी आढळतात. सगळे मॅक्स होल्ड लावतात, म्हणजे प्रत्येक बिंदूवरची सगळ्यात वरची पातळी धरून ठेवतात. वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळ्यांचे ठसे त्यात एकमेकांवर चढतात आणि पाच मिनिटांनी पडद्यावर नुसता डोंगर उरतो.

मिन होल्ड प्रत्येक बिंदूवर आजवरची सगळ्यात खालची पातळी धरून ठेवतो. वाय-फाय थांबून थांबून बोलतं. मोकळ्या वेळी एपी (ॲक्सेस पॉइंट) साधारण १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा बीकन (हजेरीचा छोटा संदेश) पाठवतो आणि मध्ये गप्प असतो. त्यामुळे काही स्वीपनंतर प्रत्येक बिंदू कधी ना कधी रिकामा सापडतो आणि पठार नॉइजपर्यंत खाली येतं. ब्लूटूथ १ मेगाहर्ट्झच्या ७९ जागांवर उड्या मारतं, तेही गळतं. अखंड चालू असलेला कॅरियर तेवढा काट्यासारखा उभा राहतो. एका ट्रेसवर (पडद्यावरच्या रेघेवर) मॅक्स होल्ड, दुसऱ्यावर मिन होल्ड लावून पाच ते दहा मिनिटं यंत्र शांत ठेवा. दोन्ही ट्रेसवर आहे ते अखंड. फक्त वरच्या ट्रेसवर आहे ते तुटक. लिंकवर ट्रॅफिक भरून वाहत असेल तर खालचा ट्रेस बसायला वेळ लागतो, म्हणून हे माप पहाटे घ्यावं किंवा ट्रॅफिक दोन मिनिटं थांबवावं.

इथंच स्पर रिमूव्हलची, म्हणजे यंत्राच्या आतच तयार झालेले खोटे काटे गाळण्याच्या सोयीची, गोम आहे. अल्ट्रा मोडमध्ये हे यंत्र आतली फ्रिक्वेन्सी सरकवून दोनदा मोजतं आणि जे दोन्ही वेळा दिसलं तेच खरं मानतं. अखंड कॅरियरसाठी हे उत्तम. पण वाय-फायचा झटका दोन मोजण्यांच्या मध्ये संपला तर यंत्र त्यालाच खोटं ठरवतं, आणि गजबजलेला चॅनल रिकामा दिसतो. म्हणून दोन्ही मापं एकामागून एक घ्या: मिन होल्डला स्पर रिमूव्हल चालू, मॅक्स होल्डला बंद.

काटा कुणाचा

काटा सापडला की स्पॅन शून्य करा. झिरो स्पॅनमध्ये आडवा अक्ष वेळेचा होतो. दर २० मिलिसेकंदांनी वर-खाली होत असेल, त्यातला साधारण अर्धा वेळ चालू आणि अर्धा बंद, तर मायक्रोवेव्ह ओव्हन. आपली वीज ५० हर्ट्झची, मॅग्नेट्रॉन अर्ध्याच सायकलला पेटतो. तो २४५० ते २४७० च्या आसपास फिरत राहतो, एका जागी उभा राहत नाही.

सपाट रेघ आली तर संशय घ्यावा तो जुन्या ॲनालॉग व्हिडिओ सेंडरचा किंवा बिनतारी कॅमेऱ्याचा. हॉलमधला डिश बॉक्स आतल्या खोलीतल्या टीव्हीवर पाहायला हे डबे घेतले जात. बहुतेकांचे चार चॅनल ठरलेले असतात: २४१४, २४३२, २४५० आणि २४६८ मेगाहर्ट्झ. टीव्ही बंद असला तरी डबा चालूच राहतो, दिवसाचे २४ तास. त्याची खूण पक्की आहे. आरबीडब्ल्यू ३ किलोहर्ट्झ, स्पॅन २०० किलोहर्ट्झ ठेवा. चित्र स्थिर असेल तर मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना कंगव्यासारखे दात दिसतात, दर १५.६२५ किलोहर्ट्झला एक, पडद्यावर १२-१३. ती पीएएल (PAL) पद्धतीच्या टीव्हीची लाइन फ्रिक्वेन्सी आहे. हे दात दिसले की पुढं शंका नको.

९०० मेगाहर्ट्झच्या बाजूला ८९० ते ९१५ मध्ये एखादी रेघ संथ सरकताना दिसली, व्होल्टेज उतरलं की जागा बदलते असं आढळलं, तर तो बहुधा कुणाच्या तरी घरावरचा मोबाईल बूस्टर शिट्टी घालतोय. बूस्टरचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) ६५ डीबी आणि आतल्या-बाहेरच्या अँटेनांमधला आडोसा (आयसोलेशन) ५० डीबीचाच असेल तर तो स्वतःचाच आवाज ऐकून ओरडत राहतो आणि टॉवरचे कान बंद करतो. खासगी माणसाने असा बूस्टर विनापरवाना लावणं मुळात बेकायदा आहे. त्याच्याशी वाद घालू नका, मोबाईल कंपनीला जागा आणि फ्रिक्वेन्सी कळवा.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मोठ्या ड्राइव्हबद्दल एक गैरसमज आहे. इंडक्शन भट्टी किंवा व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) कचरा किलोहर्ट्झपासून काही दहा मेगाहर्ट्झपर्यंत असतो, २.४ गिगाहर्ट्झवर तो थेट पोचत नाही. तिथं लिंक पडते ती बहुतेक वेळा पीओईच्या (डेटासोबत वीजही नेणाऱ्या) बिनशिल्डच्या केबलमधून शिरलेल्या कचऱ्यामुळे. अल्ट्रावर २.४ चा पट्टा स्वच्छ दिसत असेल तर डिशला हात लावू नका. शिल्डेड केबल टाका, शिल्डला अर्थिंग द्या आणि ती मोटरच्या केबलपासून दूर न्या.

यंत्र खोटं कुठं दाखवतं

८०० मेगाहर्ट्झच्या वर अल्ट्रामध्ये प्रतिमा अडवणारं फिल्टर नाही. त्यामुळे दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवरचा जोरदार सिग्नल २.४ मध्ये भुतासारखा उमटू शकतो. टॉवरजवळ हे नक्की होतं. त्यात ४जीचा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा बँड आपल्या पट्ट्याला अगदी खेटून आहे. टेकडीवर, जिथं मोबाईल टॉवर आणि लिंकचा खांब शेजारी शेजारी असतात, तिथं २.४ चं बँडपास फिल्टर पुढं लावल्याशिवाय माप घेऊ नये. फिल्टर लावल्यावर जो काटा गायब झाला तो तिथं नव्हताच.

दुसरी परीक्षा ओव्हरलोडची. अँटेना आणि यंत्राच्या मध्ये १० डीबीचा फिक्स ॲटेन्युएटर घाला. खरा सिग्नल बरोबर १० डीबीने उतरतो. यंत्राच्या आत दोन जोरदार सिग्नल मिसळून तयार झालेला तिसऱ्या क्रमाचा काटा जवळपास ३० डीबीने कोसळतो. ही अगदी सोपी चाचणी आहे. ती न करता शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये.

आणि ट्रान्समीटरचं तोंड या यंत्राला थेट कधीही जोडू नका. वॉकी-टॉकीचे ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम. इनपुट क्षणात जातं. अँटेनाच्या केबलवरून एलएनएला डीसी जात असेल तर मध्ये डीसी ब्लॉक हवा.

एवढ्याशा काट्याने रेट का पडतो

वरच्याच उदाहरणाकडे परत येऊ: लिंक एकूण उणे ५७, काटा उणे ६५. ८ डीबीने लहान असूनही तो त्रास देतो, कारण ओएफडीएममध्ये (वाय-फायची डेटा अनेक कप्प्यांत वाटून पाठवण्याची पद्धत) २० मेगाहर्ट्झचे ३१२.५ किलोहर्ट्झचे कप्पे पाडलेले असतात. ६४ पैकी ५२ कप्पे वापरात. उणे ५७ ची ताकद ५२ जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला उणे ७४ येते. त्या एका कप्प्यात काटा ९ डीबीने वरचढ झाला.

काटा कप्प्याच्या बरोबर मध्यावर बसला तर तेवढा एक कप्पा जातो, ५१ शाबूत राहतात, एरर करेक्शन तेवढी तूट भरून काढतं. दोन कप्प्यांच्या हद्दीवर बसला तर मात्र एफएफटीमधून (कप्पे वेगळे करणाऱ्या गणितातून) त्याची गळती दोन्ही बाजूंना पसरते: पहिल्या दोन शेजाऱ्यांत फक्त ४ डीबी कमी, त्यापुढच्या दोघांत साडेतेरा डीबी कमी, आणि पुढं ती फार सावकाश उतरते. ५४ च्या रेटला ६४-क्वाम (डेटा दाट भरणारं मॉड्युलेशन) लागतं, त्याला साधारण २२ डीबी स्वच्छ जागा हवी. हिशेब केला तर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा, म्हणजे ५२ पैकी २२ कप्पे निकामी होतात. १२ च्या रेटला सात-आठ डीबी पुरतात, तिथं चारच कप्पे जातात. म्हणूनच लिंक तुटत नाही, ५४ वरून १२ वर येऊन थांबते.

मध्य आणि हद्द यांतलं अंतर फक्त १५६ किलोहर्ट्झ आहे. २.४ गिगाहर्ट्झवर ते दहा लाखांत ६५ भाग इतकंच. स्वस्त डब्यातला ऑसिलेटर उन्हात तापला की सहज एवढा सरकतो. 'सकाळी चांगलं चालतं, दुपारी बसतं' या तक्रारीचं उत्तर बरेचदा इथं सापडतं. एकाच चॅनलवर सकाळी आणि दुपारी १ मेगाहर्ट्झच्या स्पॅनमध्ये मार्कर लावून काट्याची जागा लिहून ठेवा, सरकणं डोळ्यांनी दिसेल.

काटा आणखी ३ डीबीने वाढून उणे ६२ झाला तर प्रकार वेगळाच होतो. उणे ६२ डीबीएमच्या वर काहीही ऊर्जा दिसली की वाय-फाय रेडिओ चॅनल व्यापलेला समजतो आणि बोलायचंच थांबतो. पानावर एअरटाइम भरलेला दिसतो, पॅकेट मात्र जात नाहीत. शेजाऱ्याने डबा कपाटातून खिडकीत ठेवला की एवढा फरक पडतो.

पॅकेट ओळखण्याचीही अडचण होते. पॅकेटच्या सुरुवातीला ०.८ मायक्रोसेकंदाचा एकच तुकडा दहा वेळा येतो, आणि रेडिओ 'आत्ताचा तुकडा मागच्यासारखा आहे का' एवढंच बघतो. अखंड कॅरियर तर सदासर्वकाळ स्वतःसारखाच असतो. रेडिओ नसलेली पॅकेटं ऐकत बसतो. काटा फारच मोठा, लिंकपेक्षा ३० डीबीने वर असेल तर एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारा भाग) त्याच्यासाठी गेन खाली ओढतो आणि एडीसीचे (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाचे) दर ६ डीबीला एक असे ५ बिट खर्ची पडतात. १० बिटांच्या एडीसीत आपल्या सिग्नलला निम्मेच उरतात. त्यानंतर सॉफ्टवेअरने काटा कितीही सफाईने कापला तरी गेलेले बिट परत येत नाहीत.

सापडल्यावर काय करायचं

उगमावर बंद करता आला तर तोच खरा इलाज. सेंडरच्या जागी एचडीएमआय केबल ओढून देणं हे दुसरी डिश बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. घर ओळखीचं नसेल तर पडदा दाखवत बोला: "काका, वरच्या खोलीतला तो छोटा डबा दोन मिनिटं बंद करता का?" कानडी घर असेल तर "ऐद निमिष बंद माड्री" (पाच मिनिटं बंद करा) एवढं पुरतं. डबा बंद झाला आणि काटा त्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसला की पुढं समजवायला लागत नाही.

ते शक्य नसेल तर चॅनल सरकवा, पण मोजून. २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये मध्यापासून साधारण ८.३ मेगाहर्ट्झपर्यंतच कप्पे वापरात असतात. कडा रिकाम्या असतात. काटा २४२१.५ वर असेल तर चॅनल ३ (मध्य २४२२) वाईट ठरेल, चॅनल १ मध्ये (मध्य २४१२) तो कडेच्या रिकाम्या जागेत पडतो आणि ५ मध्ये (मध्य २४३२) चॅनलच्या बाहेरच राहतो. आउटडोअर रेडिओत १० मेगाहर्ट्झची रुंदी निवडता येत असेल तर तीही करून पाहा. तीच पॉवर निम्म्या जागेत गेल्याने घनता ३ डीबीने वाढते आणि काटा टाळायला वाव मिळतो. कमाल वेग निम्मा होतो, पण १२ वर अडकलेल्या लिंकला तो तोटा नाही.

त्यानंतर अँटेना. उभं पोलरायझेशन आडवं केलं तर चांगल्या डिशवर २० डीबीच्या आसपास फरक पडू शकतो. दोन्ही टोकं एकदम फिरवावी लागतात, एकच फिरवली तर लिंकच जाते. डिश एक-दोन अंश वळवून काट्याची दिशा लोबच्या खाचेत, म्हणजे डिशला जिकडचं कमी ऐकू येतं तिकडे, टाकायची, आपला १-२ डीबी सोडायचा, हेही चालतं. पॉवर वाढवणं सगळ्यात शेवटी, तेही हद्दीत: २.४ मध्ये ईआयआरपीची (अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणाऱ्या ताकदीची) मर्यादा ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम. २४ डीबीआयच्या डिशला रेडिओवर १२ डीबीएमच ठेवता येतात.

२.४ मध्ये १ मेगाहर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढाच बारीक पट्टा कापणारा) लावा, असा सल्ला ऐकू येतो. तो व्यवहारात बसत नाही. त्यासाठी क्यू (फिल्टर किती धारदार आहे त्याचा आकडा) दोन-अडीच हजारांच्या घरात हवा, म्हणजे मोठी, महागडी कॅव्हिटी (धातूच्या डब्याचं फिल्टर). व्हीएचएफवर मात्र नॉच घरी होतो. ९८ मेगाहर्ट्झच्या एखाद्या जोरदार एफएम स्टेशनने रिसीव्हर दाबला जात असेल तर लाइनमध्ये टी जोडून आरजी-५८ केबलचा उघड्या टोकाचा तुकडा लावा. पाव तरंगलांबी ७६.५ सेंटिमीटर, केबलमधला वेग प्रकाशाच्या ०.६६ पट, म्हणून लांबी ५०.५ सेंटिमीटर. आरजी-६ चं डायइलेक्ट्रिक फोमचं असल्याने तिथं हीच लांबी ६३-६४ येते. ही अदलाबदल नेहमी चुकते. सुरुवातीला ५५ कापा, अल्ट्रावर ते स्टेशन लावा आणि ५-५ मिलिमीटर छाटत जा. दर ५ मिलिमीटरला खाच साधारण १ मेगाहर्ट्झ वर सरकते. शेवटचं सेंटिमीटर २-२ मिलिमीटरने. २० ते ३० डीबीची खोली मिळते. १५० मेगाहर्ट्झच्या वॉकी-टॉकीला त्याने एक डीबीपेक्षा कमी फटका बसतो, पण सांबऱ्याच्या विमानतळाचा १२० च्या आसपासचा बँड ऐकायचा असेल तर हाच तुकडा जवळपास ५ डीबी खाऊन टाकतो. तिथं ८८ ते १०८ अडवणारं तयार बँडस्टॉप फिल्टरच घ्यावं.

दुसरे पर्याय आणि या भागातला वापर

आरटीएल-एसडीआरची कांडी (यूएसबीला लावायचा रिसीव्हर) स्वस्त आहे, पण १७६६ मेगाहर्ट्झच्या वर जात नाही आणि एका वेळी २.४ मेगाहर्ट्झच दाखवते. हॅकआरएफ वन २० मेगाहर्ट्झ एकदम दाखवतो, त्यामुळे झटक्याने येणारे सिग्नल त्यावर अल्ट्रापेक्षा चांगले दिसतात. पण ८ बिटांचा आहे, लॅपटॉप सोबत लागतो, आणि खांबावर चढताना लॅपटॉप नको असतो. रेडिओतच येणारा स्पेक्ट्रम स्कॅन फुकट आहे आणि लिंकच्याच अँटेनातून पाहतो, हा मोठा फायदा. मात्र बऱ्याच रेडिओंत तो चालू असताना लिंक बंद पडते आणि त्याचे कप्पे इतके जाड की अरुंद काटा त्यात पसरून जातो.

अल्ट्रासोबत येणारी दुर्बिणीसारखी अँटेना २.४ वर दिशा शोधायला निरुपयोगी. छोटी पॅनल अँटेना घ्या. घेताना आरपी-एसएमए आणि एसएमए यांतला फरक पाहा. वाय-फायच्या अँटेनाला बहुधा आरपी-एसएमए असतो, म्हणजे पिनेच्या जागी भोक. अल्ट्राच्या कनेक्टरलाही भोकच आहे. आटे घट्ट बसतात, सगळं ठीक वाटतं, आणि आत तारेला तार लागलेलीच नसते. पडद्यावर सगळा पट्टा 'स्वच्छ' दिसतो. अँटेनाला हात लावून पातळी हलते का, हे आधी बघावं.

जाड एन कनेक्टरची केबल यंत्राला थेट लटकवू नका. एसएमए बोर्डावरून उखडतो. १५-२० सेंटिमीटरची बारीक पिगटेल मध्ये कायमची ठेवा, झिजेल तेव्हा तीच बदलायची. दुपारच्या उन्हात पडदा जवळजवळ वाचता येत नाही, टोपीची सावली करावी लागते. बॅटरी दोनेक तास पुरते. पाण्यापासून संरक्षण शून्य, आणि कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हे विसरून चालत नाही. जूननंतर तिथं काटा शोधण्याआधी लिंकचा एन कनेक्टर उघडून पाहा. रबर टेप सुटून आत पाणी गेलेलं असेल तर सिग्नल आधीच ५-६ डीबीने पडलेला असतो आणि पूर्वी न जाणवणारा काटा वरचढ होतो. खांबावरचे गंजलेले क्लॅम्प आणि बोल्टही बघा. गंजाचा सांधा डायोडसारखा वागतो, जवळच्या दोन जोरदार सिग्नलांतून तिसरा अरुंद काटा तयार करतो, आणि त्याचा डबा कुठल्याच घरात सापडत नाही. मिन होल्ड काढून, अल्ट्रावर काटा दिसत असताना त्या क्लॅम्पवर लाकडी दांड्याने ठोका; पातळी थरथरली तर बोल्ट बदला.

इथं जवळपास याचं सर्व्हिस सेंटर नाही. परदेशातून मागवला तर किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, आणि बिघडला तर परत पाठवण्याचा खर्चही आपलाच. म्हणून मूळ निर्मात्याने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. यंत्रासोबत १० आणि २० डीबीचे दोन ॲटेन्युएटर, डीसी ब्लॉक, २.४ चं बँडपास फिल्टर, पॅनल अँटेना आणि दोन पिगटेल त्याच ऑर्डरमध्ये मागवा. हे सामान नसेल तर वरची निम्मी मापं घेता येत नाहीत.